इन्सुलिन पंप : वापरणाऱ्यांच्या वहीतून

(जागतिक मधुमेह दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात भरलेल्या रुग्ण-पालक मेळाव्यात मधुमेह विभागातर्फे करण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)



१४ नोव्हेंबर हा फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. त्यांनी व चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. त्यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करून आम्ही दरवर्षी या व्यासपीठावरून आहार, व्यायाम व पायांची निगा यांविषयी चार शब्द सांगत असतो. यंदा मात्र एका यंत्राविषयी, किंबहुना त्या यंत्राबद्दल आपण आमच्याकडे वेळोवेळी केलेल्या तक्रारींविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे. त्या तक्रारी आम्ही पुष्कळ दिवस नीट ऐकल्या नाहीत, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

ज्यांनी इन्सुलिन पंप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोबाइलपेक्षाही लहान अशी ही डबी असते. तिच्यात दोन-तीन दिवस पुरेल एवढे जलद गुणाचे इन्सुलिन भरतात. डबीतून एक बारीक नळी निघते आणि तिच्या टोकाचा मऊ कॅन्युला पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली बसवून चिकटपट्टीने पक्का करतात. पंप रात्रंदिवस थेंबाथेंबाने इन्सुलिन सोडत राहतो आणि जेवणाच्या वेळी बटण दाबले की त्या जेवणापुरता वाढीव डोस देतो. दिवसातून चार-पाच वेळा सुई टोचण्याऐवजी दोन-तीन दिवसांतून एकदा कॅन्युला बदलावा लागतो. ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही त्याच्या दृष्टीने ही सोय किती मोठी आहे, हे त्याच्या आईखेरीज दुसरे कोणी सांगू शकणार नाही. मात्र या सोयीची एक दुसरी बाजू आहे. पंपात दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन नसते. त्यामुळे प्रवाह खंडित झाला तर शरीरात शिल्लक साठा असा राहत नाही, आणि अवघ्या काही तासांत रक्तात कीटोन वाढू लागून जिवावर बेतू शकते.

आता त्या रात्रीविषयी, जिच्यामुळे हा विषय आम्ही निवडला. किनाऱ्यावरील एका मच्छीमार कुटुंबातील मुलगी; वय, गाव व नाव सांगत नाही. श्रावणातील सतत पावसाचे दिवस होते. देणगीदारांच्या साहाय्याने मिळालेला पंप ती काही महिने उत्तम वापरीत होती. त्या संध्याकाळी जेवताना तिने नेहमीप्रमाणे बटण दाबले आणि पंपाने डोस दिल्याची नोंद केली. पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या. पावसाळ्यात पोट बिघडणे घरोघरी चालते, म्हणून आईने पेज पाजून पाहिली. उजाडता उजाडता मुलगी धापा टाकू लागली तेव्हा तिला रिक्षात घालून आमच्याकडे आणले. साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेलेली, कीटोन वाढलेले. पंपाच्या पडद्यावर मात्र सर्व काही ठीक. आई पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होती, “पंप तर चालूच आसा, डॉक्टर.”

पंप चालूच होता. घामाने व ओलसर कपड्याने चिकटपट्टीची एक कड सुटली होती, मऊ कॅन्युला कातडीतून बाहेर सरकला होता, आणि रात्रभर एक-एक थेंब इन्सुलिन त्या पट्टीच्या कापसात जिरत होते. परिचारिकेने पट्टी काढली तेव्हा इन्सुलिनचा तो ओळखीचा औषधी वास खोलीत पसरला. सलाइन व इन्सुलिनच्या उपचाराने मुलगी दुसऱ्या दिवशी सावरली. आज ती या सभागृहात बसलेली आहे.

असे झाले तरी पंपाने सूचना का दिली नाही, हा प्रश्न आईने विचारला आणि तो रास्त होता. उत्तर असे की पंपाला फक्त आपल्या नळीतील दाब कळतो. नळी पिळली किंवा तुंबली की दाब वाढतो आणि गजर होतो. तोही लगेच होत नाही. लहान मुलांना तासाला जे अत्यल्प इन्सुलिन लागते, त्या वेगाने दाब वाढायला कित्येक तास जाऊ शकतात. कॅन्युला निसटला तर वाट मोकळीच राहते, दाब वाढत नाही, आणि गजर होण्याचे कारणच उरत नाही. औषध डबीतून बाहेर पडले एवढेच यंत्र जाणते. ते शरीरात पोहोचले की कापसात, हे जाणण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. अलीकडच्या स्वयंचलित पंपांना साखर मोजणाऱ्या सेन्सरची जोड असते. त्यामुळे वाढलेली साखर तरी वेळीच कळते आणि हा मोठाच लाभ आहे. परंतु तो पंपही जादा इन्सुलिन सोडणार ते त्याच सुटलेल्या कॅन्युलातून. शिवाय सेन्सरचा मासिक खर्च या मुलीच्या घराला परवडणारा नव्हता.

या प्रसंगात आमची चूक कोणती, तेही सांगितले पाहिजे. पट्टी सुटते ही तक्रार त्या आईने आदल्या दोन भेटींत केली होती. आम्ही ती किरकोळ समजलो. केसपेपरवर साखरेचे आकडे लिहिले, डोसातील बदल लिहिला. पट्टीविषयी एक अक्षर लिहिले नाही. ‘काही बिघडले तर पंप ओरडेल’ असेही आम्हीच तिला सांगितले होते.

त्यानंतर आमच्या विभागात एक साधी दोनशे पानी वही ठेवली. पंप, पेन किंवा सिरिंज वापरणाऱ्याने आपली अडचण आपल्या शब्दांत लिहावी. डॉक्टरांनी त्यावर ‘किरकोळ’ असा शेरा मारू नये, एवढाच नियम. आमच्याकडे पंप वापरणारी मंडळी बोटांवर मोजण्याइतकी आहेत, तरी वही भरत चालली आहे.

वहीतील पाने उलगडण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहू. ही उपकरणे सुधारली कशी? पहिल्या पंपांपैकी एक लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी १९६०च्या दशकात तयार केला. तो पाठीवर घ्यायच्या पिशवीएवढा होता. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेत डीन केमन यांनी अंगावर बाळगता येईल असा पंप घडविला आणि लंडनच्या गाईज रुग्णालयात जॉन पिकअप व हॅरी कीन यांनी १९७८ साली ही उपचारपद्धती वैद्यकविश्वापुढे मांडली. हा झाला संशोधकांचा इतिहास, आणि त्याविषयी आम्हांस आदरच आहे. त्याच्या शेजारून दुसरा एक इतिहास चालत आला आहे, तो फारसा सांगितला जात नाही.

ग्लासगोच्या डॉ. शीला रीथ स्वतः वैद्य, आणि मधुमेह असलेल्या एका लहान मुलीची आई. १९७०च्या दशकात प्रवासात असताना लंडनच्या यूस्टन स्थानकावरील स्वच्छतागृहात बाटली, सिरिंज व स्पिरिट यांची कसरत करीत मुलीला इंजेक्शन देण्याची पाळी त्यांच्यावर आली. याहून सोपे काही असलेच पाहिजे, या विचारातून त्यांनी सहकाऱ्यांसह इन्सुलिन पेनची रचना केली आणि १९८३ साली ‘पेनजेक्ट’ बाजारात आले. आज आपल्या तालुक्यातील औषधांच्या दुकानात जे पेन मिळते त्याची एक मूळकथा अशी एका स्थानकावरची आहे.

रिचर्ड बर्नस्टीन हे अमेरिकेतील अभियंते. वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेही. १९६९ मध्ये रक्तातील साखर मोजणारे एक यंत्र निघाले. ते रुग्णालयांसाठी होते आणि रुग्णाला विकत मिळत नव्हते. बर्नस्टीन यांच्या पत्नी डॉक्टर असल्याने त्यांच्या नावे ते मागविले गेले. घरच्या घरी दिवसातून अनेकदा साखर मोजून त्यांनी स्वतःचा उपचार बसविला. ते लेख लिहीत आणि वैद्यकीय नियतकालिके ते परत पाठवीत. शेवटी पंचेचाळिशीच्या सुमारास हा गृहस्थ वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला व डॉक्टर झाला. आज रुग्णाने घरी साखर मोजू नये असे म्हणणारा डॉक्टर शोधूनही सापडणार नाही.

आणि तिसरी गोष्ट आपल्याच पिढीतील. सिएटल येथे एकट्या राहणाऱ्या डाना लुईस या तरुणीची तक्रार अगदी साधी होती : रात्री साखर उतरली की सेन्सरचा गजर होतो, पण तो इतका मंद की आपल्याला जाग येत नाही. गजर मोठा करा ही विनंती वाया गेली. २०१३ मध्ये तिने व स्कॉट लायब्रँड यांनी सेन्सरची माहिती संगणकावर उतरवून घेण्याची युक्ती साधली आणि मनासारखा मोठा गजर करून घेतला. मग त्या माहितीवरून पुढील साखरेचा अंदाज, आणि त्या अंदाजावरून पंपाला आपोआप आज्ञा, असे करत करत २०१५ साली त्यांनी आपली रचना सर्वांसाठी खुली केली. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातील जॉन कॉस्टिक या पित्याने, शाळेत गेलेल्या आपल्या चिमुकल्या मुलाची साखर कामाच्या ठिकाणी पाहता यावी म्हणून असाच खटाटोप केला होता. अशा खुल्या प्रणालीची न्यूझीलंडमध्ये ९७ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिच्या वापरकर्त्यांची साखर योग्य पातळीत राहण्याचा काळ तुलनेच्या गटापेक्षा दिवसाला तीन तासांहून अधिक होता.

गैरसमज नको म्हणून येथेच सांगतो. घरगुती जोडणीचे पंप आपल्यापैकी कोणी वापरावेत असे आमचे म्हणणे नाही. अशा अनधिकृत जोडणीतून एका रुग्णाला इन्सुलिनचा अतिडोस गेल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. आमचा मुद्दा निराळा आहे. जो गजर प्रयोगशाळेतील शांत खोलीत पुरेसा वाटला तो झोपेतल्या माणसाला पुरत नाही, हे झोपणाऱ्याखेरीज कोणाला कळणार?

सिएटलच्या त्या खोलीत निदान पाऊस कौलांवर आपटत नव्हता. आमच्या वहीतील एका आजोबांनी लिहिले आहे : “जुलईत गजर ऐकू येत नाही. नात आजीपाशी झोपते, आजी कानाने अधू. डबी स्टीलच्या ताटलीत ठेवली, थरथरली की ताटली वाजते.” ही युक्ती आम्हांला सुचली नसती. नळी ओढली जाणार नाही एवढी लांब असावी लागते, हे मात्र आम्ही त्याखाली लिहिले आहे. नळ्या साधारण साठ व एकशेदहा सेंटिमीटर अशा दोन लांबीच्या मिळतात. कोणती घ्यावी याचा विचार आम्ही पूर्वी कधी रुग्णाच्या अंथरुणापर्यंत नेला नव्हता.

गजराविषयी आणखी एक नोंद शाळकरी मुलाची आहे. जत्रेत रात्री दशावतार पाहताना डबी वाजली, शेजारपाजारचे लोक वळून पाहू लागले, म्हणून त्याने आवाज बंद केला तो दोन दिवस बंदच राहिला. मोठ्या गजराची गरज आणि गजराची लाज ही एकाच यंत्राला सांभाळावी लागते. मुलाला दोष देणे सोपे आहे. ठरावीक वेळाने आवाज आपोआप पूर्ववत होईल अशी सोय प्रत्येक पंपात असणे हे अधिक उपयोगाचे.

स्त्रियांच्या नोंदी निराळ्याच आहेत. पंपाची चिमटी पट्ट्याला किंवा पँटच्या कमरेला अडकविण्यासाठी केलेली असते. नेसत्या लुगड्याला किंवा घरातल्या गाऊनला पट्टा कोठला? निऱ्यांत खोचलेली डबी वाकताना घसरते, पदराआड ठेवलेली काढून बटण दाबायचे तर चारचौघांत संकोच. परिणाम असा की एक गृहिणी समारंभात जेवली की डोस घरी परतल्यावर घेत असे. तिची साखर सतत चढलेली का, हे कोडे आम्ही तीन महिने डोस वाढवून सोडवीत होतो. अखेर तिने स्वतःच परकराच्या नाडीला आतून कापडी कप्पा शिवला. त्याचे माप वहीत काढून ठेवले आहे आणि त्यावरून शिवलेले कप्पे आम्ही इतरांना देतो.

रापणीला जाणाऱ्या एका तरुणाने लिहिले की कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दोर ओढायचे तर डबी काढावीच लागते. पंप काढून फार तर तासभर राहावे असा सर्वसाधारण नियम. रापण तासाच्या हिशेबाने येत नाही. उलट ओढण्याच्या श्रमाने साखर उतरते, तीही काम संपल्यावर कित्येक तासांनी. त्याच्यासाठी आम्ही श्रमापूर्वीपासून प्रवाह कमी ठेवणे, मध्ये साखर तपासणे आणि गरजेनुसार पेनने थोडे इन्सुलिन घेणे असा क्रम बसविला. तो पुस्तकात नव्हता, त्याच्याशी बोलून तयार झाला. पाण्यात चालणारे पंप निघाले आहेत. खाऱ्या पाण्यात आणि वाळूत त्यांच्या फटी किती टिकतात हे मात्र येथलाच माणूस वापरून सांगू शकेल.

आहाराच्या बाबतीत तर यंत्र आणि आपण यांच्यात समुद्राचे अंतर आहे. डोस ठरविण्यासाठी जेवणातील कर्बोदकांचा आकडा पंपाला सांगावा लागतो. उपलब्ध तक्त्यांत पाव आणि पिझ्झा मुबलक, घावणे, खापरोळी, धोंडस व उकडीचे मोदक नाहीत. पेजेतील साखर झपाट्याने चढते, तर नारळाच्या रसातील पदार्थ स्निग्धतेमुळे ती सावकाश चढवितात. अशा वेळी एकदम डोस न देता तो दोन-तीन तासांत विभागून देण्याची सोय पंपात असते, आणि ती कशी वापरावी हे गणेशचतुर्थीपूर्वी शिकविणे अगत्याचे आहे. आमच्या आहारतज्ज्ञ भगिनींनी घरोघरच्या वाट्या मोजून एक स्थानिक तक्ता करण्यास आरंभ केला आहे. तो अपुरा आहे. मोदकाचा आकार प्रत्येक घरी वेगळा, हे त्यामागील एक कारण.

उष्णतेचा प्रश्न आम्ही सोपा समजत होतो. नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांच्या ड्रीम ट्रस्टने विदर्भातील गरीब मुलांना मोफत इन्सुलिन पुरवून जे काम उभे केले ते सर्वांना ठाऊक आहे. शीतकपाट नसलेल्या घरांत औषध कसे ठेवावे हा अशा कामातील रोजचा प्रश्न, आणि त्याचे जुने उत्तर म्हणजे माठ. विविध देशांतील मातीच्या भांड्यांची तुलना करणारा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांचा उपयोग सिद्ध झाला. परंतु माठ गार होतो तो पाण्याच्या बाष्पीभवनाने. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो जितका गार होईल तितका मालवणच्या दमट हवेत होत नाही, ही गोष्ट एका पालकाने माठात तापमापी ठेवून आमच्या निदर्शनास आणली. दिलासा असा की केनियातील निर्वासित छावणीच्या तापमानावर आधारित, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान चढउतार होऊनही इन्सुलिनचे गुण चार आठवडे टिकल्याचे दिसले. मात्र ही ग्वाही ३७ अंशांपर्यंतची आहे. होडीवर भर उन्हात असलेली डबी व बाहेर लोंबणारी नळी याहून अधिक तापू शकते, म्हणून ती कपड्याखाली ठेवावी.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा कित्येक गावांची वीज अनेक दिवस बंद होती, हे आपणांस सांगायला नको. मोबाइल मेले, मोबाइलवर दिसणारे सेन्सरचे आकडेही गेले. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा पंप अशा वेळी वाण्याच्या दुकानातील सेलवर चालू राहतो. विजेवर भारित करावा लागणारा पंप दिसायला देखणा, पण त्याच्यासाठी आधीच तजवीज हवी. पंप निवडताना हा प्रश्न विक्रेता विचारीत नाही, आम्ही आता विचारतो.

पंपाची किंमत लाखांच्या घरात आहे आणि दरमहाचा खर्च वेगळा. तेव्हा पंप नसलेल्या पालकांनी आपल्या मुलावर अन्याय होत आहे असे मानू नये. पेन व सिरिंजवर उत्तम नियंत्रण राखलेली मुले आज येथे आहेत आणि वहीत त्यांच्याही नोंदी आहेत. ज्यांच्यापाशी पंप आहे त्यांच्या घरी मात्र वापरण्याजोगे पेन अथवा सिरिंज व इन्सुलिनची बाटली असलीच पाहिजे. साखर २५०च्या वर दोन वेळा आली, किंवा उलटी झाली, तर पडद्यावर काहीही दिसो, कीटोन तपासावेत, ठरवून दिलेला डोस पेनाने घ्यावा, कॅन्युला बदलावा आणि आम्हांला दूरध्वनी करावा. पंपाशी वाद घालत बसू नये.

या नोंदींचे पुढे काय, असे विश्वस्त महोदयांनी विचारले होते. ज्या नोंदींत रुग्णास अपाय झाला किंवा होऊ शकला असता, त्या आम्ही ‘मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया’ या २०१५ पासून चालू असलेल्या केंद्रीय यंत्रणेस विहित नमुन्यात कळवितो. तिचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. उरलेल्या, म्हणजे कप्पा, गजर, नळी, पट्टी यांच्या नोंदी उत्पादकांना मराठीतच, सोबत इंग्रजी भाषांतर जोडून, पाठवितो. एका उत्तरात पट्टीच्या दमट हवेतील चाचणीविषयी अधिक माहिती मागविली आहे. इतर पत्रांना पोच आली आहे. उत्तरे येवोत न येवोत, पत्रे जात राहतील.

दरम्यान त्या मुलीच्या आईने आपला उपाय आपणच काढला. कॅन्युला बसविल्यावर ती पट्टीच्या कडेने कातडीवर बॉलपेनने रेघ ओढते. सकाळ-संध्याकाळ पाहते. रेघ आणि पट्टी यांत फट दिसली की कॅन्युला बदलते, पंपाला विचारीत नाही. आमच्या परिचारिका आता प्रत्येक रुग्णास हीच रेघ ओढून देतात. या मातेस वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात ती कृती लिहिण्याची आम्ही विनंती केली व तिने ती मान्य केली. चहापानाच्या वेळी वही बाह्यरुग्ण विभागातील टेबलावर ठेवलेली असेल. शेजारी पेन आहे.